क्यूब फोडायला गेले, रजिस्टर वाचत बसले

काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, दाबून फोडणाऱ्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्रेशन मशिनचा पंप डिसेंबरात गेला. दुरुस्तीचं कोटेशन, मग आणखी दोन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, त्यावर तीन सह्या, मग परचेस कमिटीची मीटिंग. एवढं होईपर्यंत बी.ई.ची मुलं पास होऊन नोकरीला लागली असती. माझ्याकडे तीन गट, बारा मुलं-मुली, आणि विषय असा की क्यूब फोडल्याशिवाय एक पान पुढे सरकत नाही. म्हणून पुण्यात नऱ्हे-धायरीच्या बाजूला, एका पत्र्याच्या शेडमधल्या खासगी मटेरियल टेस्टिंग प्रयोगशाळेत गेले. जानेवारी ते मार्च 2025 मध्ये मिळून नऊ-दहा फेऱ्या झाल्या. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्यातली मोठी तक्रार मालकांनी माझ्यासमोर मान्य करून दुरुस्तही केली. प्रोजेक्ट गाइड करणाऱ्यांना कुठल्याही प्रयोगशाळेत काय बघायचं एवढं कळलं तरी पुरे.

आधी काम काय होतं ते. कोथरूडमध्ये जुन्या सोसायट्या पाडून रिडेव्हलपमेंट चालू आहे, त्यातल्या एकीचा राडारोडा मुलांनी पोत्यात भरून आणला, फोडून चाळून त्याची 20 मिमीची खडी केली. नेहमीच्या काळ्या दगडाच्या खडीच्या जागी ही खडी 0, 20 आणि 40 टक्के घालायची आणि एम-25 काँक्रीटची (म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी चौरस मिमीला 25 न्यूटन पेलणाऱ्या) ताकद बघायची. 20 टक्के का, तर खडी-वाळूच्या भारतीय प्रमाणाने, आयएस 383 च्या 2016 च्या आवृत्तीने, लोखंड घातलेल्या काँक्रीटला, तेही एम-25 पर्यंतच, पुनर्वापराची खडी तेवढीच मान्य केली आहे. 40 टक्के का, तर परवानगीपलीकडे काय होतं हे मुलांना बघायचंच असतं. तीन मिक्स, प्रत्येकाचे सात दिवसांचे तीन आणि अठ्ठावीस दिवसांचे तीन क्यूब, म्हणजे गटाला 18. एक क्यूब आठ-साडेआठ किलोचा. दीडशे किलो काँक्रीट चार मुलांनी कालवायचं, भरायचं, उचलायचं. इथेच माझ्या दुसऱ्या कामाचा संबंध येतो.

माझी पीएच.डी. खरं तर काँक्रीटवर नाही. गटाने केलेल्या कामाचे मार्क एकेकट्याला कसे द्यायचे यावर आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या फाईलमध्ये जुन्या बारा पीओंपैकी (मुलांना शेवटी काय यायला हवं त्याची यादी) नववा, म्हणजे व्यक्ती म्हणून आणि गटात काम करता येणं, हा रकाना आम्ही सगळेच वर्षानुवर्षं भरत आलो आहोत, आणि कसा भरतो हे आम्हालाच माहीत. चौघांना सरसकट 42 पैकी 38. एखादा अगदीच फिरकला नसेल तर 36.

यावर जगात बरंच काम झालेलं आहे. पर्ड्यू विद्यापीठातल्या मॅथ्यू ओहलँड आणि सहकाऱ्यांची कॅटमी नावाची पद्धत आहे. तिच्यात मुलं एकमेकांना पाच बाजूंनी जोखतात: कामाला हातभार, सोबत्यांशी वागणूक, गटाला रुळावर ठेवणं, दर्जाचा आग्रह, आणि लागणारं ज्ञान-कौशल्य. शिवाय नुसतं 'चांगला-वाईट' नाही, प्रत्येक गुणापुढे वागण्याचं वर्णन असतं आणि त्यातलं आपल्या सोबत्याला लागू पडेल ते निवडायचं. त्याआधी फेल्डर वगैरे मंडळींनी 2000 साली एका शोधनिबंधात मांडलेली पद्धत आणखी सोपी: 'उत्कृष्ट'पासून 'आलाच नाही'पर्यंत नऊ शब्द, त्यांचे आकडे करायचे आणि गटाच्या मार्कांना त्या माणसाच्या गुणकाने गुणायचं. मी या सगळ्यावरून आपला मराठी-इंग्रजी मिसळलेला एक साधा गूगल फॉर्म केला होता.

पहिल्या गटाचे चारही फॉर्म आले. सगळ्यांनी सगळ्यांना पाचपैकी पाच. वेळ बघितली तर 11.42, 11.43, 11.43, 11.45. कँटीनमध्ये एका टेबलावर बसून भरलेले, हे सांगायला संशोधन लागत नाही. 'आलाच नाही' हा शब्द आपली मुलं मित्राबद्दल लिहिणार? मेली तरी नाही. पुढच्या वर्षी त्याच्याच फ्लॅटवर राहायचं असतं.

आता प्रयोगशाळा. शेड लांबट, पुढे ऑफिस, मागे मिक्सर, व्हायब्रेटिंग टेबल, डाव्या भिंतीला क्युरिंगच्या, म्हणजे क्यूब पाण्यात ठेवायच्या, दोन टाक्या, कोपऱ्यात 2000 किलोन्यूटनचं मशिन. विद्यार्थ्यांना एका क्यूबचे 70 रुपये, जीएसटी वेगळा. मिक्सर आणि साचे दिवसभर वापरायला 800. चौघांत डोकी सहाशेच्या आत बसलं. बिल पक्कं मिळतं, मागावं लागत नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे, पण मी सवयीने स्कोप, म्हणजे मान्य चाचण्यांची यादी, मागितला (सगळ्यांनी मागावा, सर्टिफिकेट असणं आणि आपली चाचणी त्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत). त्यांनी लगेच फाईल काढून दाखवली. मशिनचा कॅलिब्रेशनचा कागदही चालू तारखेचा होता.

टाक्या एक मामा सांभाळतात. पाण्यात थर्मामीटर दोरीने सोडलेला, सकाळ-संध्याकाळ पाटीवर खडूने आकडा. जानेवारीतल्या पुण्याच्या थंडीत पाणी 27च्या आसपास ठेवायला ते हीटर लावतात. आमच्या कॉलेजच्या टाकीत थर्मामीटर नाही, बेडूक आहे.

मामांचा नियम एकच: ज्याने भरला त्याने लिहायचं. लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर. क्यूबचा नंबर, मिक्स, तारीख, भरणाऱ्याचं नाव आणि सही; दुसऱ्या दिवशी साचा उघडणाऱ्याची सही; टाकीत सोडणाऱ्याची सही; फोडायच्या दिवशी वजन आणि हजर असणाऱ्यांच्या सह्या. आमच्या एका मुलाने पहिल्या दिवशी सहाही क्यूबपुढे गटाचं नाव टाकलं. मामांनी पान त्याच्यापुढे सरकवलं.

"गट नाही, नाव."

"मामा, सगळ्यांनी मिळूनच भरलेत."

"एका क्यूबात चार हात बसत नाहीत बाळा. शेवटचा थर कुणी ठोकला?"

हे मी तीन फुटांवरून ऐकलं आणि खरं सांगते, माझ्या पाच पानी प्रश्नावलीची मला लाज वाटली. मालकांना विचारलं, ही पद्धत कुठून आणलीत? शिकवण्याशी काही संबंध नव्हता. काही वर्षांपूर्वी एका साइटचे क्यूब कमी ताकदीचे निघाले आणि कंत्राटदार म्हणाला, हा क्यूब माझा नाहीच. दोन महिने भांडण. तेव्हापासून सही.

मग मी सवड बघून तिन्ही गटांची पानं मोबाइलवर घेतली आणि घरी बसून मांडली. पाचपैकी पाचवाल्या गटात एका मुलाच्या सह्या सगळ्या दिवशी, सगळ्या रकान्यांत. बारामतीकडची एक मुलगी, तिच्या एकूण चार. तिसऱ्याच्या सह्या फक्त फोडायच्या दिवशी. त्या दिवशी फोटो निघतात. चौथा मधूनमधून. मी मनात गुणक काढून ठेवले सुद्धा. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून 1913 मध्येच छापलं होतं की माणसं वाढली की दर माणशी ओढ घटते. आमचा दोर नऱ्ह्याच्या शेडमध्ये सापडला, एवढंच.

पण घाई झाली होती. त्याचा किस्सा बी-6 चा.

22 जानेवारीला भरलेले क्यूब. अठ्ठावीस दिवस 19 फेब्रुवारीला भरतात, आणि त्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी. (सात आणि अठ्ठावीस दोन्ही आठवड्याच्या पटीत, त्यामुळे ज्या वारी भराल त्याच वारी फुटणार. साप्ताहिक सुट्टी कधी आड येत नाही, सण तेवढे आधी बघून घ्या. आम्ही नाही बघितले.) 20 तारखेला गुरुवार, एरवी त्यांची सुट्टी असते, आमच्यासाठी दोन तास उघडलं. फोडायच्या आधी आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "मॅडम, रिपोर्टात 28च टाकू या ना, एका दिवसाने काय होतंय." मी तोंड उघडायच्या आत मामांनी 29 लिहून टाकलं होतं. रिपोर्टही 29 दिवसांचाच आला.

क्यूब मशिनमध्ये ठेवताना मुलाने थापी मारलेली बाजू वर ठेवली. मामांनी काही न बोलता क्यूब आडवा फिरवला. साच्याला टेकलेल्या बाजू सपाट आणि समांतर असतात, भार त्यांच्यावर यायला हवा; थापीची बाजू कितीही गुळगुळीत केली तरी वरखाली असतेच. हे मी वर्गात दोनदा सांगितलेलं. त्या मुलाच्या लक्षात आता कायम राहील, कारण साडेआठ किलो पुन्हा उचलायला त्यालाच लावलं.

20 टक्क्यांच्या मिक्सचा पहिला क्यूब 715 किलोन्यूटनला गेला, दुसरा 702 ला. दोन्ही मस्त डमरूसारखे फुटले, वरखाली दोन पिरॅमिड, मध्ये कंबर. तिसरा, बी-6, 540 ला बसला आणि एकाच कोपऱ्यातून ढासळला. फुटलेल्या बाजूला खालच्या भागात मसाला नाही, नुसती खडी, हनीकोंब. सरासरी निघते 652. बी-6 तिच्यापेक्षा 17 टक्के खाली. प्रमाणाप्रमाणे 15च्या आतच चालतं. संच बाद.

रजिस्टरमध्ये बी-6 पुढे सही कुणाची? त्या सगळ्या रकान्यांत सह्या असलेल्या, माझ्या हिशेबी आदर्श मुलाची. मी विचारलं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल. भरताना घरून फोन आला, तो बाहेर गेला, पहिले दोन थर फोटोवाल्या मित्राने ठोकले, पस्तीस ठोके न मोजता, आणि तिसऱ्या थराला हा परत येऊन सही करून मोकळा झाला. म्हणजे लेक्चरची प्रॉक्सी आता काँक्रीटलाही लागते.

आणि दुसरी गोष्ट त्याच दिवशी कळली. 20 टक्क्यांचा पहिला घाणा जानेवारीत कोरडा पडला होता. स्लंप, म्हणजे ओलं काँक्रीट साचा काढल्यावर किती खाली बसतं ते, 75 मिमी धरलेला, निघाला 25. राडारोड्याच्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, ती पाणी पिते, आणि मुलांनी ती कोरडीच मिक्सरमध्ये टाकली होती. तो घाणा टाकून दिला. दुसऱ्या वेळी खडी रात्रभर भिजवून, सकाळी पोत्यावर पसरून, वरचं पाणी सुकवून घातली; बाकीच्या पाण्याचा हिशेब नव्याने केला. तो हिशेब कुणी केला? चार सह्यांवालीने. तिचे वडील आजारी, ती सकाळी गावाकडे आणि रात्री एक्सेल शीटवर. तिच्या शीटमध्ये खडीचं पाणी शोषणं, दमटपणा, सिमेंट-पाण्याचं गुणोत्तर, 18 क्यूबला दहा टक्के वाया धरून किती घनमीटर लागेल, सगळं होतं. शेडमध्ये ती चारदाच आली आणि लाल रजिस्टरला एक्सेल दिसत नाही.

ही खोट प्रयोगशाळेच्या खात्यात टाकत नाही. त्यांनी ते वादासाठी केलं होतं, मी त्याच्यावर प्रबंध उभा करायला निघाले होते.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. गटकामाच्या वीस मार्कांपैकी आठ रजिस्टरवरून. सहा फॉर्मवरून, पण आकडे काढून टाकले. आता एकच प्रश्न, 'सोबत्याने केलेलं असं एक काम लिहा जे त्याने केलं नसतं तर तुमचं अडलं असतं.' त्याला कँटीनमध्ये चौघांचं एक उत्तर लिहिता येत नाही. आणि सहा तोंडी परीक्षेवरून, जिथे मी एकाला दुसऱ्याच्या कामाबद्दल विचारते. फोटोवाल्याला विचारलं, खडी का भिजवली? म्हणाला, धूळ जायला. त्याच्या सोबतीणीने कपाळाला हात लावला. तिने काही लिहून द्यायची गरजच उरली नाही.

आता तक्रारी. मोठी ही: सुरुवातीच्या फेरीत मशिनवरचा माणूस फार घाईत होता. 150 मिमीच्या क्यूबला भार मिनिटाला 14 न्यूटन प्रति चौरस मिमी या वेगाने चढवायचा, म्हणजे मिनिटाला 315 किलोन्यूटन. 700 ला फुटणारा क्यूब दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ घेणार. मी मोबाइलवर वेळ लावली: एक मिनिट दहा सेकंद. भार भराभर चढवला की आकडा फुगून येतो. साइटवाल्यांना तो आवडतो, संशोधनाला चालत नाही. मी मालकांना मोबाइल दाखवला. त्यांनी हुज्जत घातली नाही, स्वतः येऊन व्हॉल्व्ह बसवला, त्या दिवशीचे तीन क्यूब मोजणीतून काढले आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या सगळ्या वेळी मी वेळ लावली, 700 च्या आसपास फुटणाऱ्या क्यूबला दोन मिनिटं दहा-पंधरा सेकंद. तरीही म्हणते, तुम्ही गेलात तर घड्याळ लावाच. मी नसते तर ते तीन आकडे छापून आले असते.

दुसरी, रिपोर्ट आठ दिवसांनी मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर रजिस्टरच्या पानाचा फोटो लगेच देतात, पण सही-शिक्क्याच्या कागदाला तीनदा फोन. दोन मुलांची नावं चुकीची छापली, एकीचं आडनाव तर थेट बदललं, जणू लग्न लावून दिलं. दुरुस्त करून दिलं, आणखी चार दिवसांनी.

तिसरी, मुलींसाठी. स्वच्छतागृहाची किल्ली मालकांच्या खिशात असते आणि मालक दुपारी जेवायला घरी जातात. ज्या ठिकाणी निम्म्या प्रोजेक्टच्या मुली येतात तिथे हे बरं नाही. मी सांगितलं आहे. खिळ्याला लावू म्हणाले. मार्चपर्यंत खिळा होता, किल्ली नव्हती.

बाकी पार्किंग ठीक, चहा शेजारी बरा, उन्हाळ्यात शेड तापते.

आमच्या आकड्यांचं काय झालं ते विचारतील, म्हणून सांगते. 20 टक्क्यांचा संच पुन्हा भरला, या वेळी प्रत्येक थराला पस्तीस ठोके दुसऱ्याने मोठ्याने मोजायचे असा नियम मुलांनी स्वतःच केला. सरासरी 31.2 न्यूटन प्रति चौरस मिमी आली, नुसत्या काळ्या खडीची 33.1. एम-25 साठी मिक्स ठरवायच्या आयएस 10262 प्रमाणे धरायचं लक्ष्य 31.6, म्हणजे 20 टक्क्यांचा जरासा खाली राहिला. 40 टक्क्यांचा 27.4. फोटोवाल्याला वीसपैकी नऊ पडले आणि तो मला भेटायला आला. भांडायला येईल वाटलं होतं, तर म्हणाला, रजिस्टरमध्ये बी-6 पुढे माझं नाव घाला, माझ्यामुळे त्याचे मार्क का कापता? मी म्हटलं, मामांकडे जाऊन सांग. गेला की नाही, माहीत नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा घड्याळ आणि किल्लीचा मिळून कापला. पुढच्या बॅचसाठी आमचं मशिन दुरुस्त होऊन आलं तरी मी एक गट इथे पाठवणारच आहे. जाणार असाल तर गुरुवार सोडून जा, साच्यांना लावायचं ऑइल आणि हातमोजे स्वतःचे न्या, टाकीत जागा आहे का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि पेन न्या. रजिस्टरला सुतळीने बांधलेलं जे आहे त्यात रिफिल नाही.